कांताबाईंच्या नावाचं फूल

सुनेत्रा रामटेकेला झाडं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण तिचा विषय निघाला की आमच्या मंडळातल्या बायका गळा काढतात, बिचारीने नवऱ्याची आठवण म्हणून झाडांना कसा जीव लावला वगैरे. सुनेत्रा बिचारी नाही आणि तिने जीवबीव काही लावला नाही. ती हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. झाडही तिने तसंच सांभाळलं, मापाने पाणी घालून, थर्मामीटर टांगून, तोंडातून लाडाचा एक शब्द न काढता.

मी तिची शेजारीण. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला आमची दोन घरं एका भिंतीने जोडलेली आहेत. भिंत कसली, पापडच. त्यांच्याकडे फोनवर कोणी जरा मोठ्याने बोललं की माझ्या बैठकीत शब्द न् शब्द कळतो. नऊ वर्षं आम्ही असं राहतोय. नऊ वर्षं ती मला 'मंजिरीताई' आणि 'तुम्ही' म्हणते आणि मी पहिल्या दिवसापासून तिला 'अगं सुनेत्रा' म्हणते. वयाने मी फक्त चार वर्षांनी मोठी आहे. हे मला पूर्वी कधी खटकलं नव्हतं.

ते राहायला आले त्या दिवशी मी थर्मासमधून चहा घेऊन गेले होते. कुठले तुम्ही, विचारलं, तर नागपूर. नागपुरात कुठे, आणि आडनाव काय म्हणालात? तिचा नवरा मिलिंद खोक्यांच्या मधे उभा होता. तो हसून म्हणाला, "रामटेके. आता पुढचं विचारू नका ताई, तुम्हाला कळलं." मीही हसले. कळलं होतंच. मी जातपात मानत नाही, असं मी विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत आले आहे. पण बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून डबाभर खीर आली की ती माझ्या घशाखाली उतरायची नाही. "आम्ही गोड कमी केलंय गं," म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी डबा लख्ख धुऊन परत द्यायचा. खीर कुठे जायची ते कौन्सिलच्या फूड वेस्टच्या डब्याला विचारा. माझे मोदक मात्र दर गणपतीला त्यांच्याकडे जायचे, आणि तिकडे ते खाल्ले जायचे. देवाला हात जोडायला ते कधी आले नाहीत, आम्ही ते मानत नाही असं त्याने पहिल्याच वर्षी सरळ सांगितलं होतं. पण उकडीचे मोदक म्हणजे मिलिंद सहा संपवायचा.

मिलिंद एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप आणि शनिवार-रविवार घरामागची कॉन्झर्व्हेटरी. त्या काचेच्या खोलीत बाकीचे लोक वेताच्या खुर्च्या टाकून बसतात. याने तिथे जास्वंदी लावल्या. तेरा कुंड्या. इथे थंडीत जास्वंद म्हणजे हौस नव्हे, नोकरीच. हवा बारा डिग्रीच्या खाली गेली की पानं पिवळी, मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजली, कुंडी नुसती उचलून दुसरीकडे ठेवली तरी कळ्या गळून पडणार. नळाचं पाणी नको म्हणून मागे पावसाच्या पाण्याचं पिंप. माझ्या नवऱ्याने, राजीवने, त्याला एकदा म्हटलं की एवढ्यात तू मुलं वाढवली असतीस. ते दोघं तेव्हा तिसऱ्यांदा आयव्हीएफच्या क्लिनिकमधून हात हलवत परत आले होते. राजीवला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी त्याला थांबवलं नाही.

तेरांत एक झाड हवाई बेटांवरचं होतं. पांढरं फूल, मधला दांडा लालसर, आणि त्याला चक्क वास. मिलिंदने मला मुद्दाम बोलावून हुंगायला लावलं होतं. मी पुण्याची, कर्वेनगरच्या बंगल्यांतून जास्वंदी बघत वाढलेली. जास्वंदीला वास असतो असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. हा वास होता मात्र खरा, हलका, गोडसर, नाक मागे घेतलं तरी थोडा वेळ राहणारा.

"याचं तिथलं नाव कोकिओ केओकेओ," मिलिंद म्हणाला. "म्हणजे पांढरी जास्वंद, बस. तिथल्या लोकांनी ठेवलेलं साधं नाव. मग साहेबांचं जहाज गेलं, फांद्या वाळवून इकडे आणल्या, आणि पुस्तकात नाव चढलं एका स्कॉटिश प्रोफेसराचं. आर्नॉटिआनस. ज्यांच्या डोंगरावर ते झाड होतं त्यांना कोणी विचारलंच नाही."

"तुम्हाला मेलं सगळीकडे तेच दिसतं," मी म्हटलं.

"दिसतं ताई. काय करणार."

त्याच दिवशी चहा घेताना त्याने आईची गोष्ट सांगितली. त्याची आई कांताबाई नागपुरातल्या एका सार्वजनिक बागेत तीस वर्षं झाडूकाम करायची. झाडायचं, पाणी घालायचं, वाफे खुरपायचे. फुलं तिच्या हातची, पण सकाळी फिरायला येणारी आजूबाजूच्या बंगल्यांतली माणसं प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन यायची आणि उजाडायच्या आत झाडं ओरबाडून न्यायची. एकदा तिने एका गृहस्थाला म्हटलं, साहेब, दोन तरी ठेवा, पोरं बघायला येतात. तो म्हणाला, देवाला नेतोय, तुझ्यासारखीच्या घरी नाही नेत. वर त्याने मुकादमाकडे तक्रार केली आणि कांताबाईला पुढचे आठ महिने बागेमागच्या नालीवर काम मिळालं. त्या मुकादमाला तिचं नावही माहीत नव्हतं. ए झाडूवाली, एवढंच. मिलिंद शाळेतून सुटला की तिचा डबा घेऊन जायचा, त्याने ते सगळं पाहिलं होतं.

"मी एक नवीन जास्वंद तयार करणार," तो म्हणाला. "पांढऱ्या हवाईवर लाल जास्वंदीचे पराग घालून. नव्या जातीला नाव ठेवायचा हक्क ती बनवणाऱ्याचा असतो. जगभरच्या जास्वंदींचं एक रजिस्टर आहे, तिथे फोटो आणि मापं पाठवायची. 'कांताबाई' हे नाव एकदा तिथे चढलं की कोणाच्या बापाला खोडता येणार नाही. आणि आईला ते फूल तिच्या डोळ्यांनी दाखवणार."

मी हे सगळं ऐकलं आणि हसून म्हटलं, "अरे, आमची आईपण अशीच पहाटे पिशवी घेऊन निघायची. अख्ख्या कॉलनीची फुलं. देवासाठी तोडली तर ती चोरी कसली, म्हणायची." मिलिंदने चहाचा कप खाली ठेवला. सुनेत्रा उठून आत गेली. मला वाटलं, कुकर बघायला गेली असेल.

त्या उन्हाळ्यात कांताबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर येऊन गेल्या. बारीक, काळ्यासावळ्या, पांढरं पातळ, पायात मिलिंदचे मोजे. त्या कॉन्झर्व्हेटरीच्या पायरीवर बसून असायच्या. गळून पडलेलं फूल उचलायच्या आणि त्याच झाडाच्या कुंडीत ठेवायच्या. झाडावरच्या फुलाला मात्र बोट लावायच्या नाहीत. मी कुंपणावरून विचारलं, काय आजी, आवडलं का लंडन? त्यांच्यासाठी सगळं लंडनच होतं. "चांगलं हाय बाई," म्हणाल्या. "फुलं झाडावरच सुकतात इथे." मला ते तेव्हा काहीच्या बाही वाटलं.

मिलिंदने ब्रशने पराग लावले. बोंडातून सात बिया निघाल्या, चार रुजल्या. तिघांना दोन-अडीच वर्षांनी फुलं आली ती अगदीच सामान्य, बिनवासाची, गुलाबी. चौथं झाड नुसतंच उंच होत राहिलं. ते उमलेल म्हणून त्याने वाट बघितली, आणि तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात ऑफिसातून येताना ट्रेनमध्ये बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं. एकोणपन्नास वर्षांचा होता.

सगळ्यांना वाटलं सुनेत्रा झाडं देऊन टाकेल. एका गार्डन क्लबचे लोक बघूनही गेले. तिने बाकीची सगळी दिली आणि ते चौथं ठेवलं. पांढरं हवाईसुद्धा दिलं. मी म्हटलं, अगं, निदान वासाचं तरी ठेवायचंस. ती म्हणाली, "मला झाडं नकोत, मंजिरीताई. मला हे एक काम पूर्ण करायचंय." मग एक वही आली. रोजचं तापमान, पाणी किती मिली, पानं किती. पांढरी माशी झाली तर साबणाच्या पाण्याने प्रत्येक पान खालून पुसायचं. जानेवारीत एकदा हीटर बंद पडला, सकाळी आत तीन डिग्री. झाडाची सगळी पानं गळाली. खराटाच राहिला. मी दारात उभी राहून च्च च्च केलं. तिने खोडावर नखाने ओरखडा काढला, आत हिरवं दिसलं, तिने वरच्या फांद्या छाटल्या, काचेला बबलरॅप लावलं आणि कामावर गेली. रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. एप्रिलमध्ये खोडाला तीन डोळे फुटले.

ती शिफ्टला सकाळी साडेसहाला निघायची. उन्हाळ्यात काचेच्या खोलीत आठनंतर भट्टी होते, वरची खिडकी उघडावी लागते. म्हणून तिने मला मागच्या दाराची किल्ली दिली. "फक्त खिडकी उघडायची आणि थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायचा. झाडाला हात लावायचा नाही." मला राग आला होता. मी काय लहान आहे? पण मी करत होते, रोज, चार महिने, न चुकता. तेवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

गेल्या ऑगस्टात त्या झाडाला तीन कळ्या आल्या. दोन गळल्या. एक राहिली. त्याच सुमाराला नागपुरात कांताबाईंना हॉस्पिटलात ठेवलं होतं. फुप्फुसात पाणी, वय ब्याऐंशी, डॉक्टरांनी काही आशा दिलेली नव्हती. सुनेत्राला लगेच जाता येईना, तिचा पासपोर्ट नेमका व्हिसाच्या एक्स्टेन्शनमध्ये अडकला होता.

बुधवारी गणपती होते. मंगळवारी संध्याकाळी मी मोदकांची उकड मळत होते, तेव्हा ती मागच्या दाराशी आली. तिला इतकं बोलताना मी क्वचितच ऐकलं आहे. "उद्या उमलेल. कळीचा रंग सुटलाय. मी हाफ डे टाकलाय, अकरापर्यंत येते. साडेअकराला तिकडे चार वाजतात, तेव्हा भेटायला आत सोडतात. जय फोन धरणार आहे." जय म्हणजे मिलिंदच्या बहिणीचा मुलगा. "आईंना झाडावर उमललेलं दाखवायचं. तुम्ही खिडकी तेवढी वेळेवर उघडा." मी हो हो म्हटलं. मी नीट ऐकलं होतं. हात उकडीत होते, कान नव्हते.

बुधवारी सकाळी माझ्याकडे घोळ झाला. वेम्बलीहून माझी बहीण वैभवी फुलं घेऊन आली होती. ईलिंग रोडवर मुद्दाम सांगून ठेवलेल्या लाल जास्वंदी. ती पिशवी तिने गाडीच्या डिकीत विसरली आणि सकाळी काढली तर आतून काळा चिखल. उरली काय तर सुपरमार्केटची कार्नेशन्स. एकवीस वर्षं या देशात मी गणपती बसवते, चाळीस माणसं जेवायला येतात, आणि गणपतीला जास्वंद नाही. मी वैभवीवर ओरडले, राजीववर ओरडले, आणि आठ वाजले म्हणून किल्ली घेऊन शेजारी गेले.

दार उघडलं आणि आधी वास आला.

ते उमललं होतं. माझ्या तळहाताएवढं, पांढरं, घशात लाल कडं, मधला दांडा कुंकवासारखा लाल. हवाईचा वास आणि आपल्या जास्वंदीचा लाल रंग, दोन्ही त्याने एका फुलात आणलं होतं. मी खिडकी उघडली. मग तिथेच उभी राहिले. त्या दोन मिनिटांत मी स्वतःशी जे बोलले ते जसंच्या तसं सांगते. जास्वंद काय, तोडली तरी दिवसभर टवटवीत राहते. झाडावर असली काय आणि देवावर असली काय. सुनेत्रा आली की माझ्याकडे येऊन फोटो काढेल. आणि त्या म्हातारीच्या नावाच्या फुलाला देवाचे पाय मिळाले तर तिचं भलंच होईल ना? हे शेवटचं वाक्य मला इतकं पटलं की मी जणू तिच्यावर उपकारच करत होते. देठ नखाने मोडलं, आईने शिकवलं होतं तसं, फांदी न ओढता. मग वहीत आकडाही लिहिला. एकवीस.

नऊला प्राणप्रतिष्ठा झाली. ते फूल मी गणपतीच्या पायाशी वाहिलं, वर दूर्वा, हळद, कुंकू, अक्षता. फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सुगंधी जास्वंद, बर्मिंगहॅममध्ये! लोकांनी बदाम पाठवले. कोणीतरी विचारलं, कुठून आणलीत? मी लिहिलं, बाप्पाची कृपा.

सव्वाअकराला बेल वाजली. घरात पंधरा-वीस माणसं होती, आरती नुकतीच संपली होती. दारात सुनेत्रा, अंगावर अजून हॉस्पिटलचा कोट. ती आत आली नाही. तिथूनच तिला देव्हारा दिसत होता.

"मंजिरीताई, फूल द्या."

"अगं ये ना आत. किती सुंदर आलंय बघ."

"द्या. पंधरा मिनिटं आहेत. मी देठ पानात धरून दाखवेन, त्यांना कळणार नाही."

इथे मी ते उचलून दिलं असतं तर मी ही गोष्ट आज वेगळी सांगितली असती. राजीव मागून म्हणालासुद्धा, देऊन टाक ना. पण सगळे बघत होते, आणि तिने दारात बूट न काढता असं मागणं मला लागलं. मी म्हटलं, "वाहिलेलं फूल परत कसं काढायचं? उद्या उत्तरपूजा होऊ दे, मग निर्माल्यातून काढून तुला देते. नाहीतर असं कर, इथूनच व्हिडिओ कॉल लाव. छान दिसतंय देवावर."

"आईंना देवाच्या पायावरचं फूल दाखवू?"

"त्यात काय झालं?"

"त्यात काय ते तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "मिलिंदने तुमच्यासमोर सांगितलं होतं." आवाज चढला नाही. मग तिने विचारलं, "सकाळी तापमान किती होतं?"

"एकवीस. वहीत लिहिलंय."

"बरं," म्हणाली आणि गेली.

मी मोदक वाढायला घेतले. साडेअकराला भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, मुद्दाम हसरा केलेला. "नाही आई, अजून उमललं नाही. आज ऊन कमी आहे. उद्या." मग थोड्या वेळाने परत, "हो आई. उद्या नक्की." माझ्या ताटातला मोदक मला गिळेना. पण मी गिळला, माणसं होती.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर ते फूल काढलं तर चुरगळून गुलाबी झालं होतं, दूर्वा त्याला चिकटलेल्या. मी ते काचेच्या वाटीत घालून तिच्या दाराशी ठेवलं. बेल वाजवायची हिंमत झाली नाही. शुक्रवारी सकाळी वाटी लख्ख धुऊन माझ्या पायरीवर ठेवलेली होती. फूल कुठे गेलं ते मी विचारलं नाही. तशी धुतलेली भांडी मी तिला आठ वर्षं परत देत आले होते.

शुक्रवारीच तिचा मेसेज आला. 'बुधवारचा फोटो पाठवा. ओरिजिनल, मोठा.' बाकी काही नाही. मी पाठवला. सॉरी असंही लिहिलं. सॉरीवर काही आलं नाही.

शेवट आत्ताच सांगते, म्हणजे कोणी आशा धरून बसायला नको. ऑक्टोबरात त्या झाडाला पाच फुलं आली. तिने पट्टी लावून मापं घेतली, फॉर्म भरला, आणि ती जात आज 'कांताबाई' या नावाने रजिस्टरमध्ये आहे. पण कांताबाई तोवर नव्हत्या. त्या ऑगस्ट संपल्यावर चौथ्या दिवशी गेल्या.

त्याआधीचा रविवार. मी मन घट्ट करून तिच्याकडे गेले. हातात काही नेलं नाही. काय नेणार होते? तिने दार उघडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "या. साडेअकरा झालेत." टेबलावर फोन स्टँडला लावलेला होता. पडद्यावर नागपूरचं हॉस्पिटल, उशीवर कांताबाईंचं तोंड, नाकाला नळी. जयने दुसऱ्या फोनवर फोटो उघडून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला होता. माझाच फोटो. सुनेत्राने त्यातून गणपती कापून काढला होता, पाट कापला होता, समई कापली होती. नुसतं फूल ठेवलं होतं.

"हे तुमचं, आई," सुनेत्रा म्हणाली. "मिलिंदने केलेलं. याचं नाव कांताबाई."

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. जयच्या हातातला फोन तिने बोटाने जवळ ओढला. मग हळू आवाजात म्हणाली, "हे झाडावर नाही वं सुनेत्रा. तोडेल हाय."

सुनेत्रा स्टँडवरचा फोन नीट करायला लागली.

"पाकळीवर हळद हाय. खाली दूर्वाचं टोक दिसते." तीस वर्षं त्या बाईने ओरबाडलेल्या झाडांखालची जमीन झाडली होती, तिच्यापुढे काय कापून टाकणार? तिने डोळे मिटले, परत उघडले. "तिकडे पण तोडून नेतात का वं, देवाले?"

सुनेत्राने फोन स्टँडवरून काढला आणि माझ्याकडे वळवला. "पुण्याच्या मंजिरीताई आल्यात आई," ती म्हणाली. "शेजारच्या. त्या सांगतील."

पडद्यात कांताबाई माझ्याकडे बघत होत्या. ओळखलं त्यांनी, मान थोडी हलली. मला खरं बोलता आलं असतं. त्या रागावल्या असत्या, निदान त्यांना जन्मात एकदा कोणाला तरी तोंडावर बोलता आलं असतं. मला ते जमलं नाही.

"नाही हो आजी," मी म्हटलं. "इथे कोणी कोणाच्या फुलाला हात लावत नाही. हे आपोआप गळलं, म्हणून उचलून ठेवलं."

त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तं धाडलं होतं पोराले तिकडे."

सुनेत्राने फोन परत स्टँडला लावला. त्यांच्याशी ती आणखी पाच मिनिटं बोलली, औषधांचं, जयच्या परीक्षेचं. मी उभीच होते. फोन बंद झाल्यावर तिने माझ्यासमोर हात पसरला.

"किल्ली," ती म्हणाली.

मी माझ्या जुडग्यातून ती काढायला लागले. कडी घट्ट होती, माझी नखं लागत नव्हती, आणि ती हात तसाच पसरून, किल्ली निघेपर्यंत उभी राहिली.